दुसऱ्या गिअरमध्ये

गिअरबॉक्सचं ऑइल बदलायला अक्कल लागत नाही, सवड लागते. आधी वरचं बूच उघडायचं, मग खालचं. ह्यात उलटापालट करायची नाही, कारण खालून सगळं ऑइल सोडून दिलं आणि वरचं बूच गंजून बसलेलं निघालं तर रिकामी पेटी समोर घेऊन बसायची पाळी येते. खालच्या बुचाला तांब्याचा वायसर नवा घालायचा. पातळी बघायला बाजूला एक भोक असतं, नवं ऑइल त्यातून ओघळायला लागलं की हात थांबवायचा. झालं काम. हातखंब्याच्या तिठ्याजवळ माझं गॅरेज आहे. तिथे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते आणि तरी प्रत्येक जण पहिल्यांदा खालचंच बूच उघडतो.

माझं नाव सानिका आग्रे. ग्रासकटर, फवारणीचे पंप, पॉवर टिलर, अशी बागायतीची यंत्रं मी दुरुस्त करते. नवीन गिऱ्हाईक आलं की मला ओलांडून आत बघतं आणि मेकॅनिक कुठे गेला म्हणून विचारतं. पूर्वी राग यायचा, आता मी त्याला बसवून ठेवते आणि हातातलं काम संपेपर्यंत काही सांगत नाही. भुताखेतांच्या गोष्टी मला आवडतात, पण दुसऱ्यांनी सांगितलेल्या. ही मला सांगावी लागतेय ह्याची थोडी लाजच वाटते.

सखूकाकी आल्या तेव्हा आंब्याच्या मोहोराचे दिवस तोंडावर होते आणि गॅरेजमध्ये पंपांची रांग लागली होती. पासष्टीच्या बाई, नऊवारी गुडघ्यापर्यंत, हातात कापडी पिशवी. सगळी गिऱ्हाइकं जाईपर्यंत त्या उलट्या क्रेटवर बसून राहिल्या. मेकॅनिक कुठे आहे हे काही त्यांनी विचारलं नाही. मग जवळ येऊन म्हणाल्या, "बाय, आमच्या टॅक्टरचा त्याल बदलायचा हाय. गेराचा."

ट्रॅक्टर घेऊन या म्हटलं. तर तो हलत नाही म्हणाल्या. कधीपासून, तर शिमग्यापासून.

"आनि ह्ये पन तवाधरनं हललं न्हायत," त्या म्हणाल्या.

'ह्ये' म्हणजे त्यांचे मालक, महिपत गोताड. पावस गावाच्या अलीकडे सड्यावर, कातळाच्या पठारावर, त्यांची आंब्याच्या कलमांची बाग. शिमग्याच्या आसपास एका सकाळी महिपतकाका कलमांच्या ओळींमधून त्यांचा छोटा ट्रॅक्टर फिरवत होते. ट्रॅक्टर मध्येच अडला. काका उतरले, घरी आले, पाणी मागितलं, घरापुढच्या खळ्यात खुर्चीवर बसले, आणि पाणी आणेपर्यंत बसल्या जागी ताठ झाले. डोळे उघडे, श्वास चालू, भरवलं तर गिळतात, पण हात हलत नाही, पाय हलत नाही, तोंडातून शब्द नाही. रत्नागिरीला दाखवलं, मुंबईलाही नेऊन आणलं. अर्धांगवायू नाही म्हणाले, मेंदूचे फोटो चांगले आले. कुठल्याच डॉक्टरला काय ते नेमकं सांगता आलं नाही.

मुलगा अनिल मुंबईला नोकरीला. वाईट मुलगा नव्हे, रोज व्हिडिओ कॉल करून बापाच्या तोंडासमोर फोन धरायला लावायचा. पण आता त्यानं ठरवलं होतं की महिनाअखेरीला येऊन बापाला न्यायचं, अशा रुग्णांना सांभाळणाऱ्या एका घरात ठेवायचं, आईला आपल्याकडे न्यायचं आणि बाग कराराने देऊन टाकायची. त्याचं म्हणणं मला बरोबर वाटलं. म्हातारी बाई एकटी किती उचलणार आणि किती पुसणार. पण सखूकाकी पिशवीच्या बंदाशी चाळा करत म्हणाल्या, "हितनं उचलला की संपला सगला. त्याच्याआदी त्याल बदल, बाय."

नवऱ्याला डॉक्टर हवा, ट्रॅक्टरला मेकॅनिक, आणि ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, असं मी त्यांना शक्य तितक्या गोड शब्दांत सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि रविवारी कधी येशील म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. दयेपोटी म्हणावं तर तसं नाही. ट्रॅक्टर कुठला, कसा, हे त्यांच्या बोलण्यातून कळत गेलं तशी मला त्याची हाव सुटली. तसली जुनी यंत्रं आता भंगारातसुद्धा दिसत नाहीत.

रविवारी सकाळी भाट्याचा पूल ओलांडून निघाले. स्कूटरच्या पायाशी जॅक, मागच्या सीटवर बांधलेली हत्यारांची पेटी, हँडलला नव्वद नंबर ऑइलचा कॅन. हवा कोरडी होती, सड्यावरचं गवत पिवळं पडून कातळाला चिकटलं होतं. गोताडांचं घर रस्त्यापासून आत, जांभ्या दगडांच्या रचलेल्या गडग्याच्या आड. समोर सारवलेलं खळं आणि खळ्यात खुर्चीवर महिपतकाका.

मी आजवर आजारी माणसं पुष्कळ पाहिलीत. ती खुर्चीत सांडलेली असतात. काका सांडलेले नव्हते. पाठ सरळ, मान किंचित पुढे, डावा पाय जरा लांब करून टाच टेकलेली, उजवा हात मांडीच्या बाजूला हवेत, मूठ अर्धी मिटलेली. अंगात बनियन, डोक्याला टॉवेल. काकी रोज ती मूठ सोडवून हात मांडीवर ठेवायच्या आणि रोज तो परत तिथेच जायचा. मी नमस्कार केला. डोळे माझ्यावरून समोर बागेत गेले आणि तिथेच राहिले.

ट्रॅक्टर घरापासून हाकेच्या अंतरावर, कलमांच्या आड, जिथे अडला तिथेच उभा होता. वरून काकींनी झावळ्यांचा मांडव घालून घेतला होता. माझ्या वडिलांच्या वयाचा, एका सिलिंडरचा, हिरवा रंग उडून लोखंडाचा तपकिरी झालेला, भोकाभोकांची पत्र्याची सीट. मी दोनदा फेरी मारली. इतकं सुंदर ओतकाम हल्ली कोणी करत नाही. काकी मला एकटीला सोडून काकांपाशी परत गेल्या, आणि मी सीटवर चढून बसले.

डावा पाय क्लचवर ठेवला, त्यासाठी तो जरा लांब करावा लागला. उजवा हात गिअरच्या दांड्यावर गेला. दांडा दुसऱ्या गिअरमध्ये होता. माझी मान पुढचं चाक बघायला किंचित पुढे आली. मग माझ्या लक्षात आलं की मी कशी बसलेय, आणि मी खाली उतरले.

सवयीचा परिणाम, मी मनाशी म्हटलं. माणूस वर्षानुवर्षं एका जागी बसला की अंग ती बैठक शिकतं. शिंप्यांची पाठ बघा. हे पटण्यासारखं होतं, म्हणून मी पटवून घेतलं आणि खाली उभी राहून दांडा ओढला. तो तसूभरही हलला नाही. मग दोन्ही हातांनी, पाय रोवून, जोर लावून ओढला.

घराच्या बाजूनं आवाज आला. ओझं उचलताना माणूस पोटातून काढतो तसा.

काकी धावत आल्या. चेहरा उजळलेला, पदर खाली लोळत होता. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा काकांच्या तोंडून आवाज निघाला म्हणून सांगायला आल्या होत्या. मी बरं झालं म्हटलं आणि त्यांना परत पाठवलं. मग मी प्रयोग केला, मेकॅनिक माणूस दुसरं काय करणार. दांडा पुन्हा ओढला, ह्या खेपेला हळू.

तोच आवाज. ह्या खेपेला हळू.

तिसऱ्यांदा ओढून बघायला हवं होतं. तीन वेळा झालं तरच त्याला पुरावा म्हणायचा असं मी शिकले आहे. माझा हात दांड्यापर्यंत गेला आणि मला तो पुढे नेववेना.

मी कामाला लागले. हाताला काम असलं की डोकं ठिकाणावर राहतं. पुढच्या चाकांना जांभ्याचे चिरे लावले, मागचं एकच चाक जॅकवर उचललं, खाली घमेलं सरकवलं. वरचं बूच चांगलं आवळलेलं होतं, पण सुटलं. गिअर ऑइलला एक गंधकासारखा वास असतो, एकदा नाकात गेला की आठवडाभर जात नाही. इथे तो नव्हता. इथून कडू, दाट वास आला आणि मी तो लगेच ओळखला. आमच्याकडे गुडघ्याला चोळतात, पूर्वी होड्यांना लावायचे, देवापुढच्या दिव्यात घालतात. उंडीचं तेल.

मी काकींना हाक मारली. गिअरबॉक्समध्ये उंडीचं तेल कुणी घातलं म्हणून विचारलं तेव्हा त्यांनी आधी जमिनीकडे बघितलं, मग बागेच्या टोकाला असलेल्या एका शेंदूर लावलेल्या दगडाकडे. बागेचा राखणदार. आमच्याकडे प्रत्येक बागेला असतो. वर्षाला नारळ आणि कोंबडा दिला, रोज दिवा लावला, की तो घोंगडी पांघरलेल्या म्हाताऱ्याच्या रूपात जागेवर लक्ष ठेवतो अशी समजूत. गोताडांची रीत अशी की घाण्यावरून उंडीचं तेल आलं की पहिली बाटली त्याच्या दिव्याची. तिला घरच्या कुणी हात लावायचा नाही, गुडघा कितीही दुखू दे. शिमग्याच्या त्या सकाळी पेटीतलं ऑइल गळून कमी झालं होतं. पावसला दुकान बंद, रत्नागिरीला जायला वेळ नाही. काकांनी ती बाटली घेतली. काकी नको म्हणाल्या तेव्हा ते हसले होते. त्याचीच बाग, त्याचंच काम, मग त्याचंच तेल का नको, असं त्यांचं म्हणणं.

"आनि दिवा?" मी विचारलं.

"त्या सांजचा दिवा नाय लागला. त्याल कुटं व्हता?" मग घाईनं म्हणाल्या, "दुसऱ्या दिसापास्नं लावतंय. पन विझतो, बाय. वारा नसला तरी विझतो."

मला खरं तर आनंद झाला, आणि तो मी लपवला नाही. कारण सापडलं होतं. उंडीचं तेल उघड्यावर काही महिने राहिलं की घट्ट होतं, मग डिंकासारखं होतं. होड्यांना लावायचे ते त्यासाठीच. गरम गिअरांवर तर ते लवकर आटलं असणार. मी काकींना हे सगळं हातवारे करून समजावलं. राखणदाराचा काही संबंध नाही, रसायनाचा आहे. त्या मान हलवत होत्या. शेवटी म्हणाल्या की मग सुटेल ना. मी म्हटलं, सुटेल, का नाही सुटणार.

खालचं बूच काढलं. काही आलं नाही. भोकात बोट घातलं तर वर मऊ, आत चिवट. एरवी अशा वेळी यंत्र थोडं चालवून ऑइल गरम करायचं असतं, पण पेटीच जाम तर चालवणार काय. काकींच्या न्हाणीघराची चूल पेटलेली होतीच. मी हंड्यातलं उकळतं पाणी आणलं, पेटीवर गोणपाट गुंडाळलं आणि त्यावर तांब्या-तांब्यानं पाणी ओतत राहिले. वाफ झावळ्यांत चढली. खळ्यातून काकींचा आवाज आला की ह्यांना दरदरून घाम फुटलाय. ऊन आहे, मी ओरडून सांगितलं. खळ्यात तेव्हा आंब्याची सावली होती, हे मला इथून दिसत होतं.

मग भोकातून एक जाड काळा गोळा बाहेर आला आणि घमेल्यात पडला. त्याच्यामागून पेटीतून हवा सुटली. कोंडलेली हवा सुटतेच, त्यात नवल नाही. पण ती लांबलचक सुटली, माणूस बसल्या जागेवरून उठताना सोडतो तशी, आणि माझ्या कानाजवळून गेली. भिजलेल्या घोंगडीचा वास आला. सगळीकडे कोरडं गवत, पाऊस जाऊन कितीतरी दिवस झालेले. मी वळून बघितलं, मागे कोणी नव्हतं.

त्यानंतर तेल सुटलं. काळं, तारेसारखं बारीक, मग जाड. मी उकिडवी बसून बघत राहिले, त्यात समाधान असतं. धार बारीक झाली, थेंब झाले, थेंबही थांबले. पेटी रिकामी झाली.

"बाय." काकींची हाक मोठी नव्हती. मोठी असती तर मी इतकी धावले नसते.

काका खुर्चीत सांडले होते. पाठ गेली, मान छातीवर, तो हवेतला हात खाली लोंबत होता. इतके महिने काकी तो हात खाली यावा म्हणून धडपडत होत्या, आणि आता त्यांनी तो दोन्ही हातांत धरून वर उचलून ठेवला होता. मी नाकापाशी बोटं धरली. काही लागलं नाही. मनगट धरलं. माझ्याच बोटांची धडधड लागत होती, त्यांची नाही. मी फोन काढून रुग्णवाहिकेला लावला. पत्ता सांगितला, वाट सांगितली. तिकडची मुलगी म्हणाली की गाडी रत्नागिरीहून निघेल. भाट्याचा पूल, गोळप, मग हा सडा. तोवर छाती कशी दाबायची ते तिनं सांगितलं, आणि मी काकांना जमिनीवर आडवं घेऊन दाबायला लागले.

काकी मला म्हणाल्या, "त्येला रिकामा नको ठिवू."

मी त्यांच्याकडे बघितलं. आजही मला सांगता येत नाही की मी का उठले. शिकलेली बाई मी. माणसाच्या छातीवर हात दाबायचे सोडून ट्रॅक्टरकडे धावले, हे कुणाला सांगण्यासारखं नाही. छाती काकी दाबत राहिल्या, मी दाखवल्याप्रमाणे. आणि मी धावले.

खालचं बूच बसवलं. पान्यानं आवळताना किती आवळावं हा प्रश्न मला आयुष्यात पहिल्यांदा पडला. शेजारी ट्रॅक्टरच्या डिझेलचा कॅन होता. असा डिंक डिझेलनं धुतात, नियम तसा आहे. मी कॅन उचलला, झाकण उघडलं, वास आला आणि मी तो लांब ठेवून दिला. त्या माणसाच्या अंगात मी डिझेल ओतणार नव्हते. हो, तेव्हा मी अगदी ह्याच शब्दांत विचार केला.

नवं ऑइल ओतलं. कॅन उन्हात तापला होता ते बरं झालं. बाजूचं बूच काढून तिथून ओघळेपर्यंत ओतलं, बुचं बंद केली. क्लचचा पायडल दाबून त्याच्यावर चिरा ठेवला. मग उचललेलं चाक दोन्ही हातांनी धरलं आणि फिरवायला गेले.

हललं नाही.

खांदा लावला. पेटीत काहीतरी करकरलं आणि चाक वीतभर सरकलं.

"घेतला!" खळ्यातून काकी म्हणाल्या.

मी थांबले. काय घेतला?

"श्वास घेतला!"

मी पुन्हा फिरवलं. वीतभर.

"घेतला."

मी थांबले तर तिकडे शांत. मुद्दाम थांबले, एकदाच, जाणून घ्यायला. आंब्यावर एक कावळा होता तोही ओरडत नव्हता. काकींनी काही म्हटलं नाही. मी देवाशप्पथ सांगते, परत थांबले नाही.

फिरवलं.

"घेतला."

फिरवलं.

"घेतला."

टायरच्या नक्षीत तळहात सोलले. घाम डोळ्यांत जात होता. आत डिंक सुटत होता, ते हाताला कळत होतं. वीतभरची हातभर झाली, हातभरचा अर्धा फेरा. मी रडत होते हे मला नंतर कळलं. मरू नका, मी म्हणत होते, महिपतकाका, मरू नका हो.

चाक एकदम हलकं झालं.

स्वतःहून पूर्ण फेरा फिरलं, माझ्या हातातून निसटून, गुळगुळीत. वर गिअरचा दांडा हलला. मी त्याला हात लावला नव्हता. तो दुसऱ्या गिअरमधून सुटून मधोमध येऊन उभा राहिला.

खळ्यातून काहीच आवाज नव्हता.

मी चालत गेले. धावायचा धीर नव्हता. मनात वाक्य तयार करत होते, काकींना काय सांगायचं ते. कलमांची ओळ संपली आणि खळं दिसलं.

काकी जमिनीवर बसल्या होत्या, तोंडात पदर कोंबून. त्यांच्या मांडीवर काकांचं डोकं. काकांची छाती वर जात होती, खाली येत होती, कुणीही न फिरवता. डोळे माझ्याकडे वळले आणि माझ्यावर थांबले. ओठ हलले.

"पानी," ते म्हणाले.

शिमग्याला मागितलेलं पाणी त्यांना तेव्हा मिळालं. काकींनी तांब्याच तोंडाला लावला आणि अर्धं अंगावर सांडलं. मग रुग्णवाहिका आली, डॉक्टरांनी तपासलं, नेलं, दोन दिवस ठेवून घेतलं आणि घरी पाठवलं. असं अचानक सुधारतं कधी कधी, म्हणाले. मी कुणाला काही बोलले नाही. घमेल्यातलं काळं तेल मी एका डब्यात भरून नेलं होतं, जुनं ऑइल नेणारा माणूस येतो त्याच्या गाडीत ते गेलं.

महिनाअखेरीला अनिल आला. बापाला न्यायला आलेला मुलगा बापाबरोबर खळ्यात बसून जेवला, दोन दिवस राहिला आणि एकटाच परत गेला. जाताना गॅरेजवर थांबून मला हात जोडून गेला. करार वगैरे आता काही नाही म्हणाला. मला एवढं बरं वाटलं की त्या दिवशी आलेल्या गिऱ्हाइकांपैकी कुणालाही मी ताटकळत ठेवलं नाही.

ऑइल बदलल्यावर काही दिवसांनी पातळी पुन्हा तपासायची असते. गेले. मोहोर बाहेर पडला होता, सगळ्या बागेत त्याचा आंबूस गोड वास. महिपतकाका काठी टेकत स्वतः मला ट्रॅक्टरपर्यंत घेऊन गेले, हळू, पण आपल्या पायांनी. बोलणंही आलं होतं, जरा जड. मी बाजूचं बूच उघडलं. नियमाप्रमाणे ते ऑइल काढून पुन्हा नवं भरायला हवं होतं, एवढा डिंक त्यात सुटलेला. बोटावर घेतलं तर स्वच्छ, पिवळं, कॅनमधून आत्ताच ओतल्यासारखं. मी बूच बंद केलं. दगडासमोरचा दिवा दिवसाउजेडी जळत होता आणि वारा असून विझत नव्हता.

काकी चहा ठेवायला घरात गेल्या तेव्हा काका जवळ आले.

"आत मी येकटा नव्हतो," ते म्हणाले.

मी पाना पुसत राहिले.

"आनि येक जन व्हता. म्हातारा. अंदारात दिसायचा न्हाय, पन बाजूला बसलेला कलायचा. मना धरून ठिवलान त्येनी. बोलायचा, घाबरू नको, तुजी बायको कायतरी करील." ते थोडे हसले. "तुवा खालचा बूच काडलास ना, तवा त्यो पयला भायेर गेला. मी ईचारला, कुटं जातंस? तर बोलला, मना बसायला जागा व्हवी. जी खोलतेय तिच्यासंगट जातो."

मी पाना पेटीत ठेवला. काकांनी माझ्या चेहऱ्याकडे नीट बघितलं, आजारी माणसाची विचारपूस करताना बघतात तसं.

"तुज्याकडं हाय काय गो त्यो?"

"नाही काका," मी म्हटलं. "माझ्याकडे कोणी नाही."

"आसंल," ते म्हणाले. "गुनी हाय. तरास न्हाय द्यायचा."

चहा झाला. काकींनी कोकमं आणि तांदूळ बांधून दिले, नको म्हटलं तरी पिशवीत कोंबले. मी गडग्याबाहेर आले. ऊन कलतं होतं, स्कूटर लावली तिथेच उभी होती. माझ्यामागे कोणी बसत नाही. मी एकटी राहते, एकटी फिरते, मागे नेहमी हत्यारांची पेटी. मागच्या सीटवर बसणाऱ्यासाठी जी पायदानं असतात ती गाडी घेतल्यापासून मी उघडलेली नाहीत. दोन्ही उघडी होती, खाली पडलेली, आणि दोन्हींवर ओली लाल माती लागलेली होती.

मग हत्यारांची पेटी मागे न बांधता पायाशी घेतली, आणि पायदानं दुमडली नाहीत. गाडी सुरू केली आणि नेहमीपेक्षा सावकाश, खड्डे चुकवत, हातखंब्याला निघाले.